डेडस्टॉक

रजिस्टर माझ्याकडे असतं.
पान एकतीस: स्कूलबस, पिवळी, एक.
खालून आली, तराईपलीकडच्या शेजाऱ्याकडून.
चाकं सहा, रस्ता पुलापर्यंतच.
पुलाच्या अलीकडे उभी असते.
पाऊस लागला की हर्कमानच्या शेळ्या
खिडकीच्या जागा धरून बसतात.

पान बत्तीस: सौर दिवे, अकरा.
वरून आले, खिंडीपलीकडच्या शेजाऱ्याकडून.
सोबत ल्यू मिस, फुकट भाषा शिकवायला.
(तिची नोंद कुठे करायची मला कळेना.)
फापराची भाकरी तिला आवडायला लागली
आणि शनिवारी ती टाकीमागे जाऊन रडायची,
हे कुठल्याच करारात नव्हतं.

आमच्या पोरी खालच्या मालिका बघून रुसायला शिकल्या,
वरच्या फोनवर हिशेब करायला.
आइतीमायाकडे दोन फॉर्म आहेत,
दोन्हीत शिष्यवृत्ती, दोन्हीत वसतिगृह,
दोन्हीत एक रकाना: परत येणार का?
तिचे आजोबा डोक्यात मीठ भरून वरून आणायचे,
तांदूळ खालून.
ते म्हणतात, पाठ आपली होती
तोवर भाव आपण करत होतो.

मंगळवारी दोन्ही पाहुणे एकाच वेळी आले.
चूक आमचीच, कॅलेंडर एक.
फिती दोन होत्या, कात्री एक.
बुद्धिमाया घले, आमच्या हेडबाई,
पहिल्या फितीशी हसल्या, तेच हसू सांभाळत
दुसऱ्या फितीपर्यंत चालत गेल्या.
एका ओसरीवर दुधाचा चहा, दुसरीवर कोरा.
खालच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं:
ते काय देणार आहेत?
मग वरच्या साहेबांनी, दुभाष्यासकट:
ते काय देणार आहेत?
मी दोघांनाही खरं तेच सांगितलं:
हेच विचारत होते.

शेवटी कुणीतरी विचारलं, तुम्हाला काय हवंय?
बाई म्हणाल्या, मुलींच्या संडासाला कडी.
दुभाषी थांबला.
त्याला वाटलं, आपलाच शब्द चुकला.
बाईंनी हात उचलून, हवेत
एक अदृश्य कडी सरकवून दाखवली.
दोघांनी लिहून घेतलं.
एकाने दाराचा फोटोही काढला.

पान चौतीस: योगासनाच्या चटया, चाळीस.
पान पस्तीस: पडदा, भिंतीएवढा, एक.
त्यात आमच्या डोंगरापेक्षा हिरवे डोंगर दिसतात.
पान छत्तीस कोरं.

कडी कोण देईल?
कडीवर नाव कुठे कोरणार,
कडीसमोर हात मिळवताना कसं दिसणार?
पोरी जोडीनं जात राहिल्या,
एक आत, एक बाहेर दार धरून.
अपूर्णांक शिकवले त्या आठवड्यात
आइतीमाया अर्धा तास तरी दाराशी होती.

आता पान एकोणतीस.
पितळी पाटी, उद्घाटनाची, एक. शेरा: गहाळ.
अक्षर माझंच आहे.
कुणाची पाटी, ते विचारू नका.
हर्कमानचा मेहुणा लोहारकाम करतो,
त्याने रात्री भाता पेटवला, सकाळी चार खिळे मागितले.
ठोकून ठोकून पाटी बोटभर झाली,
तरी मैत्रीमधलं अर्धं अक्षर उरलंच,
कोणत्या लिपीतलं, तेही विचारू नका.
कडी जरा घट्ट बसते,
थंडीत तर कुरकुरते.
पण आतून लागते.

काल दोन्हीकडून फोन आले.
फॉर्मचं काय झालं?
मुलगी हुशार आहे, मुदत संपत आलीय,
दुसऱ्यांनी काही कळवलंय का?
मी खिडकीतून पाहिलं.
दार बंद होतं, बाहेर कुणी धरून उभं नव्हतं.
म्हटलं, ती आत आहे.
बाहेर आली की सांगेल.